मंदी मालकांची, उपासमार कामगारांची

नंदिनी नगरच्या चुनखडीपासून भिलाईच्या यंत्रशाळांपर्यंत कपातीची एकच साखळी

नंदिनी नगर हे नाव महाराष्ट्रात फार थोड्यांना ठाऊक असेल. छत्तीसगडच्या दुर्ग जिल्ह्यात, भिलाईच्या उत्तरेला, अहिवाऱ्याजवळ वसलेली ही खाणकामगारांची वसाहत आहे. येथील चुनखडी भिलाईच्या पोलाद कारखान्यासाठी खणली गेली. झोतभट्टीत पडलेली चुनखडी लोहखनिजातील मळ आपल्या अंगावर घेते आणि त्या मळाबरोबरच भट्टीबाहेर फेकली जाते. तिच्यावाचून लोखंड होत नाही. पण लोखंड तयार झाले की तिची आठवण कोणाला राहत नाही. भिलाई परिसरातील कामगारांचीही भांडवली व्यवस्थेने हीच गत केली आहे.

नंदिनीची चुनखडी, दल्ली-राजहराचे लोहखनिज, भिलाईच्या भट्ट्या आणि त्या भट्ट्यांना लागणारी यंत्रसामग्री, ओतीव भाग, क्रेन व सांगाडे घडविणाऱ्या औद्योगिक वसाहतीतील यंत्रशाळा ही एकच साखळी आहे. पोलाद कारखान्याने खरेदी आखडली, की यंत्रशाळेच्या फाटकावर दुसऱ्याच दिवशी त्याचा परिणाम दिसतो. फिटर, वेल्डर, मोल्डर, खरादी यांचे गेटपास परत घेतले जातात. ‘मागणी नाही, काम नाही, उद्यापासून येऊ नका’ एवढ्या तीन वाक्यांत दहा-दहा वर्षांच्या नोकरीचा निकाल लागतो. भांडवली वृत्तपत्रे या प्रकाराला ‘मंदीची झळ’ म्हणतात. जणू मंदी ही वैशाखातील उन्हासारखी निसर्गाची करणी आहे आणि ती मालक व मजूर या दोघांनाही सारखीच भाजते!

हा समज खोटा आहे. मंदी कोठून येते, तिच्या नावाने कोण काय साधतो आणि ती सरल्यावर कोणाच्या पदरात काय पडते, हे तपासल्यावाचून कामगारकपातीविरुद्धचा लढा पुढे जाणार नाही.

मागणी कोण निर्माण करतो?

धान्याची मागणी पोटातून येते. झोतभट्टीची, रोलिंग मिलची किंवा बॉयलरची मागणी अशी कोणाच्या पोटातून येत नाही. ती भांडवल गुंतविण्याच्या निर्णयातून येते. भारतासारख्या देशात असा निर्णय स्वातंत्र्यानंतर मुख्यतः सरकारनेच घेतला, कारण खाजगी भांडवलदारांना जड उद्योगात पैसा अडकवून दीर्घ काळ थांबण्याची इच्छाही नव्हती आणि कुवतही नव्हती. पाश्चात्त्य भांडवलशाही राष्ट्रे या बाबतीत हात आखडून असताना २ फेब्रुवारी १९५५ रोजी सोव्हिएत संघाशी भिलाईचा करार झाला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्‌घाटन झाले. १९५८ च्या अखेरीस रांची येथे हेवी इंजिनिअरिंग कॉर्पोरेशनची स्थापना झाली. पोलाद कारखान्यांची यंत्रे देशातच घडावीत, हा तिचा हेतू होता. कोळसा खाणींच्या यंत्रांसाठी दुर्गापूरला व वीजनिर्मितीच्या यंत्रांसाठी भोपाळला कारखाने उभे राहिले. यंत्रे करणारी यंत्रे आपल्याच देशात तयार झाली पाहिजेत, या दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या धोरणाचे हे फळ होते.

या धोरणाने समाजवाद आला नाही. सार्वजनिक क्षेत्राच्या पायावर मक्तेदार घराण्यांनी आपले इमले चढविले, हे पक्षाने वारंवार सांगितले आहे. तरीही एक गोष्ट निर्विवाद सिद्ध झाली. यंत्रसामग्रीची मागणी योजनेने निर्माण होते आणि योजना मोडली की मागणीही मोडते. १९६६ ते १९६९ या काळात सरकारने पंचवार्षिक योजनेला सुट्टी दिली, सार्वजनिक गुंतवणूक आखडली आणि देशभरच्या इंजिनिअरिंग कारखान्यांत उत्पादनक्षमता पडून राहिली. तेव्हा लोकांची पुलांची, वाघिणींची, विजेची गरज संपली होती काय? गरज जशीच्या तशी होती. संपली होती ती सत्ताधारी वर्गाची ती भागविण्याची तयारी.

१९९१ नंतर हाच प्रकार मोठ्या प्रमाणावर झाला. आता सुट्टी योजनेला नव्हती, योजनेच्या कल्पनेलाच होती. यंत्रसामग्रीची आयात सैल झाली, जागतिक निविदांचा जमाना आला. दुर्गापूरचा खाणयंत्रांचा कारखाना २००२ मध्ये बंद करण्यात आला. देशातील कोळशाचे उत्पादन त्यानंतर वाढतच गेले, म्हणजे खाणयंत्रांची गरजही वाढतच गेली. पण ती यंत्रे घडविणारे हात मात्र घरी बसविले गेले. एके काळी वीस हजारांवर कामगार असलेल्या रांचीच्या कॉर्पोरेशनमध्ये २०२३ साली उरल्यासुरल्या कामगारांचे दीड वर्षाच्या आसपासचे वेतन थकले होते. भिलाईचा विस्तार मात्र थांबला नव्हता. २०१८ मध्ये आठवी झोतभट्टी पेटली आणि १४ जून २०१८ रोजी आधुनिकीकरण झालेला कारखाना पंतप्रधानांनी समारंभपूर्वक राष्ट्राला अर्पण केला. ज्या भिलाईसाठी रांची उभी राहिली, त्या भिलाईच्या विस्तारात मुख्य तंत्र व मोक्याची यंत्रसामग्री परदेशी कंपन्यांची होती. पोलाद आपले, खनिज आपले, घाम आपला; यंत्र परक्याचे आणि बेकारी पुन्हा आपली. याला मागणीचा दुष्काळ म्हणता येत नाही. मागणी होती, ती दुसरीकडे वळविली गेली.

मराठी वाचकाने यासाठी छत्तीसगडपर्यंतही जाण्याचे कारण नाही. भिलाईहून नागपूरकडे निघालेली गाडी ज्या भंडारा जिल्ह्यातून जाते, त्या जिल्ह्यात मुंडीपार येथे २०१३ मध्ये ‘भेल’च्या कारखान्याची मोठ्या थाटात पायाभरणी झाली. शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या, तरुणांना नोकऱ्यांची स्वप्ने दाखविली गेली. दहा वर्षे उलटली तरी कारखाना उभा राहिला नव्हता. येथे तर कपातीसाठी आधी भरती करण्याचीही तसदी कोणी घेतली नाही.

मंदी जाते, कपात राहते

मालकांचे दुसरे म्हणणे असे, की कपात ही तात्पुरती शस्त्रक्रिया आहे. आज थोडे रक्त वाहू द्या, उद्या कारखाना धडधाकट होईल आणि काम परत येईल. या आश्वासनाची परीक्षा अनुभवानेच झाली पाहिजे.

‘भेल’चे उदाहरण घ्या. २०१३ च्या सुमारास या कंपनीत ४८,००० च्या आसपास कामगार-कर्मचारी होते. पुढे औष्णिक वीजकेंद्रांच्या ऑर्डरी आटल्या, २०१५-१६ मध्ये कंपनी तोट्यात गेली. निवृत्त झालेल्यांच्या जागा भरल्या गेल्या नाहीत. दहा वर्षांत ही संख्या ३०,००० च्या आसपास आली. मग वारे फिरले. औष्णिक केंद्रांच्या ऑर्डरी पुन्हा सुरू झाल्या आणि मार्च २०२५ च्या अखेरीस कंपनीच्या हातातील कामे जवळपास २ लाख कोटी रुपयांची झाली. मागणी परत आली. गेलेल्या जागा परत आल्या काय? वाढलेले काम कमी माणसांवर, कंत्राटदारांवर आणि बाहेरून करून घेण्यावर ढकलण्यात आले.

खाजगी क्षेत्रातील नामांकित कंपन्यांची तऱ्हा वेगळी नाही. मुंबईत मुख्यालय असलेल्या लार्सन अँड टुब्रोने एप्रिल ते सप्टेंबर २०१६ या सहा महिन्यांत १४,००० माणसे कमी केली. एकूण सुमारे १ लाख २० हजारांपैकी ही संख्या शेकडा अकराहून अधिक होते. व्यवसायातील मंदी व संगणकीकरण ही कारणे सांगण्यात आली. त्याच कंपनीच्या अध्यक्षांनी जानेवारी २०२५ मध्ये कर्मचाऱ्यांनी आठवड्याला ९० तास काम करावे, रविवारीही करावे, अशी अपेक्षा बोलून दाखविली. पुढच्याच महिन्यात कल्याणकारी योजनांमुळे मजूर कामावर यायला तयार नाहीत, अशी तक्रारही त्यांनी केली. यातले गणित सरळ आहे. कायद्याचा आठवडा ४८ तासांचा आहे. ९० तास म्हणजे एका माणसाच्या अंगावर जवळपास दोन माणसांचे काम. मंदीत एकाला घालवायचे आणि तेजीत उरलेल्याकडून दोघांचे काम घ्यायचे, हे या मंडळींचे रोजगारविषयक तत्त्वज्ञान आहे.

जगातील बड्या मक्तेदारांनी याच धड्याची सुधारित आवृत्ती काढली आहे. ठाण्याजवळ कळव्याला ज्यांचा कारखाना आहे, त्या जर्मनीच्या सीमेन्स कंपनीने नोव्हेंबर २०१७ मध्ये मोठ्या गॅस टर्बाइनची मागणी कोसळल्याचे सांगून जगभरात ६,९०० नोकऱ्या कमी करण्याचे जाहीर केले. त्याच आर्थिक वर्षात कंपनीचा नफा ६ अब्ज युरोहून अधिक होता! पुढच्याच महिन्यात अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकने वीज-यंत्रांच्या विभागातून १२,००० माणसे काढण्याची घोषणा केली. सात-आठ वर्षे लोटली. संगणकीय माहितीकेंद्रांना वीज पुरविण्यासाठी त्याच गॅस टर्बाइनसाठी झुंबड उडाली आणि बनविणाऱ्यांची वेळापत्रके कित्येक वर्षांसाठी भरून गेली. ज्या कुशल कामगारांना ‘कालबाह्य’ म्हणून निरोप दिला होता, त्यांचे कौशल्य कालबाह्य नव्हते. फक्त त्या तिमाहीत ते फायद्याचे नव्हते.

मागणी घटली म्हणून माणसे कमी होतात, हे जर खरे असते, तर उत्पादन वाढते तेथे माणसे वाढली असती. भारतीय पोलाद प्राधिकरणात म्हणजे ‘सेल’मध्ये २००१ च्या सुमारास दीड लाखांहून अधिक कायम कामगार व अधिकारी होते आणि कच्च्या पोलादाचे उत्पादन वर्षाला १ कोटी टनांच्या थोडे वर होते. २०२३-२४ मध्ये उत्पादन १ कोटी ९० लाख टनांवर गेले आणि कायम मनुष्यबळ ६०,००० च्या खाली आले. भिलाईत १९८० च्या दशकात खाणी धरून साठ हजारांच्या घरात कायम कामगार होते. आज ती संख्या वीस हजारांच्याही खाली आहे. तेजी असो वा मंदी, कुऱ्हाड चालूच आहे. मंदी हे कपातीचे कारण नसून कपातीचा मुहूर्त आहे.

कार्ल मार्क्सने ‘भांडवल’च्या पहिल्या खंडात बेकारांच्या राखीव सेनेचे जे विवेचन केले, ते या मुहूर्ताचे रहस्य उलगडते. फाटकाबाहेर उभा असलेला बेकार मालकाला आतल्या कामगाराइतकाच उपयोगी असतो. त्याच्याकडे बोट दाखवून आतल्याचे वेतन खाली खेचता येते, पाळी वाढविता येते, संघटनेची जीभ आवळता येते. मंदीच्या काळात ही सेना फुगते आणि म्हणूनच मंदीच्या काळात मालकवर्ग सर्वांत धीट होतो.

घाव कोणावर, कायदा कोणाचा?

या कुऱ्हाडीचा पहिला घाव कंत्राटी कामगारावर पडतो. कायम कामगाराला काढायचे तर नोटीस द्यावी लागते, नुकसानभरपाई द्यावी लागते, शेवटी आलेला आधी जाईल हा नियम पाळावा लागतो. कंत्राटी कामगाराच्या बाबतीत व्यवहारात यांपैकी काहीही घडत नाही. त्याचे कंत्राट ‘संपते’ आणि त्याच्याबरोबर तोही संपतो. कोणत्याही अहवालात त्याची नोंद कामगारकपात म्हणून होत नाही. म्हणूनच मंदीत ‘एकाही कायम कामगाराला हात लावला नाही’ अशी शेखी मिरविणारी व्यवस्थापने प्रत्यक्षात शेकडो संसार उद्ध्वस्त करून मोकळी झालेली असतात.

या अवस्थेला न्यायालयाचा व संसदेचा हातभार लागला आहे. १९७० च्या कायद्याने कंत्राटी पद्धत नियंत्रित व्हावी आणि शक्य तेथे नष्ट व्हावी, असे ठरले. १९९३ मध्ये केंद्र सरकारने चुनखडी व डोलोमाइट खाणींतील खनिज काढण्याच्या कामात कंत्राटी मजूर लावण्यास मनाई केली. पण कंत्राटी पद्धतीला बंदी झाल्यावर त्या कामगारांचे काय? ते आपोआप मूळ मालकाचे कामगार होतील, असा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने आधी लावला होता; ३० ऑगस्ट २००१ रोजी घटनापीठाने तो फिरविला. या खटल्यात न्यायालयात गेलेला मालक होता भिलाईचाच धनी, ‘सेल’! कंत्राटी पद्धत बंद करा, असे म्हणण्याचा अर्थ तेव्हापासून कंत्राटी कामगाराला घरी पाठवा, असा होऊ लागला. हक्क मागणाऱ्यालाच हक्काची शिक्षा झाली.

कायम कामगारांचे कवचही आता फाटले आहे. कपात, ले-ऑफ व कारखानाबंदी यांना सरकारची पूर्वपरवानगी लागेल, अशी तरतूद १९७६ मध्ये ३०० वा अधिक कामगारांच्या कारखान्यांसाठी आली. कामगार चळवळीच्या रेट्याने १९८२ च्या दुरुस्तीने ही मर्यादा १०० वर आणली आणि १९८४ पासून ती लागू झाली. औद्योगिक संबंध संहिता २०२० मध्ये कोविडच्या सावटाखाली, विरोधी बाके रिकामी असताना, संसदेत मंजूर करून घेण्यात आली आणि २१ नोव्हेंबर २०२५ रोजी ती अमलात आणली गेली. मर्यादा पुन्हा ३०० झाली. सरकारला केवळ अधिसूचना काढून ती आणखी वाढविण्याचीही मुभा आहे. चाळीस वर्षांपूर्वी लढून मिळविलेली भूमी एका फटक्यात काढून घेतली गेली. त्यातच मुदतबंद नोकरीला कायद्याचे अधिष्ठान मिळाले आणि कंत्राटी कामगारांविषयीच्या तरतुदी लागू होण्याची मर्यादा २० वरून ५० वर गेली. निम्मे कामगार कंत्राटदाराच्या हजेरीपटावर दाखवून ३०० च्या आत राहणे कोणत्याही मध्यम यंत्रशाळेला अवघड नाही. अशा कायद्याला ‘व्यवसाय सुलभता’ असे गोंडस नाव देण्यात आले आहे. सुलभ झाले आहे ते कामगाराला फाटकाबाहेर काढणे.

भिलाईच्या मातीतील धडे

कंत्राटी आणि कायम या दुफळीची किंमत भिलाईइतकी क्वचितच कोठे मोजावी लागली असेल. येथे एक कडू सत्य सांगितले पाहिजे. १९७७ मध्ये दल्ली-राजहराच्या खाणींतील कंत्राटी मजुरांना बोनसच्या करारात कायम कामगारांच्या मानाने अगदीच तुटपुंजी रक्कम मिळाली, तेव्हा त्यांनी प्रस्थापित संघटना सोडून शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखाली वेगळी संघटना उभारली. सोडून दिलेल्या त्या संघटनांत लाल झेंड्याची संघटनाही होती, हे लपविण्यात अर्थ नाही. जूनमध्ये पोलिसांनी केलेल्या गोळीबारात ११ जण ठार झाले. नियोगींच्या सर्वच भूमिका पक्षाला मान्य होण्याजोग्या नव्हत्या; परंतु ज्या मजुरांकडे पाहावयाचे राहून गेले त्यांच्याकडे त्यांनी पाहिले, हे मान्य करण्यातच क्रांतिकारक चळवळीचा प्रामाणिकपणा आहे.

१९९० पासून हाच लढा भिलाईच्या औद्योगिक वसाहतीत, खाजगी यंत्रशाळांत व इतर कारखान्यांत पोहोचला. जगण्यापुरते वेतन, आठ तासांचा दिवस, नोकरीची कायमता अशा साध्या मागण्या होत्या. उत्तरादाखल हजारो कामगारांना कामावरून काढण्यात आले. त्या वेळी कोणती मंदी आली होती? संघटनेत नाव घातले, हाच त्यांचा गुन्हा होता. २८ सप्टेंबर १९९१ च्या पहाटे नियोगींची झोपेत गोळी घालून हत्या झाली. १ जुलै १९९२ रोजी भिलाई पॉवर हाउस स्थानकात रेल्वेमार्ग अडवून बसलेल्या कामगारांवर गोळीबार झाला व १६ कामगार मृत्युमुखी पडले. खालच्या न्यायालयाने १९९७ मध्ये उद्योगपतींसह इतरांना दोषी ठरविले. उच्च न्यायालयाने सर्वांना सोडले. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोळी झाडणाऱ्या एकट्याला जन्मठेप दिली. गोळी झाडणारा हात सापडला. तो हात कोणी चालविला, याचे उत्तर न्यायदेवतेला सापडले नाही.

या इतिहासातून दोन गोष्टी स्पष्ट होतात. एक, कपात हे मालकांच्या हातातील हिशेबाचे साधन आहे तसेच ते संघटना मोडण्याचेही हत्यार आहे. दोन, कायम कामगाराने कंत्राटी भावाकडे पाठ फिरविली की दोघांचीही हार निश्चित होते. १९८० च्या दशकात साठ हजार असलेला कायम कामगार आज अल्पसंख्य झाला, तो शेजारच्या कंत्राटी कामगाराला परका मानण्याची किंमत मोजूनच.

‘मग कारखाना बुडू द्यायचा काय?’

मालकधार्जिण्या पंडितांचा हा हुकमी प्रश्न आहे. ऑर्डर नसताना वेतन कोठून द्यायचे? काही भल्या कामगार कार्यकर्त्यांनाही तो निरुत्तर करतो. म्हणून त्याला सरळ उत्तर दिले पाहिजे.

ज्या वर्षी नफा झाला, त्या वर्षी मालकाने तो कामगारांत वाटला होता काय? लाभांश, नवी जमीन, नवी कंपनी यांत तो गेला. चांगल्या दिवसांचा नफा खाजगी आणि वाईट दिवसांचा तोटा सामाजिक, हा न्याय कामगारांनी का मानावा? खरोखरच ऑर्डरी नसतील तर आधी हिशेबाची वही उघडा. ऑर्डर आहे पण ती बाहेरच्या छोट्या वर्कशॉपला दिली जात आहे काय, हे दाखवा. जादा पाळी बंद करा, काम सर्वांत वाटा, वरिष्ठांच्या भत्त्यांना कात्री लावा, सक्तीच्या कपातीऐवजी ले-ऑफच्या काळातील वेतनासाठी सरकारी निधी उभारा. हे सर्व करून झाल्यावर कामगाराच्या भाकरीकडे बोट दाखवा.

असे पर्याय केवळ कागदावरचे नाहीत. दल्ली-राजहरात व्यवस्थापनाने संपूर्ण यांत्रिकीकरण आणून हजारो हातांना रिकामे करण्याचा घाट घातला, तेव्हा कामगारांच्या संघटनेने ‘यंत्र नको’ अशी आंधळी घोषणा दिली नाही. अर्ध-यांत्रिकीकरणाची योजना हिशेबासह मांडली आणि दीर्घ काळ कपात रोखून धरली. इंग्लंडमध्ये १९७६ साली लुकास एरोस्पेसच्या कामगार प्रतिनिधींनी कपातीला उत्तर म्हणून आपल्याच यंत्रांवर समाजाला उपयोगी अशी कोणती उत्पादने काढता येतील, याची सविस्तर योजना तयार केली. व्यवस्थापनाने ती फेटाळली, कारण ती कामगारांची होती. मुंबईत कुर्ल्याच्या कमानी ट्यूब्जला १९८५ मध्ये मालक घराण्याच्या भांडणात टाळे लागले. सुमारे ६०० कामगारांच्या संघटनेने सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन १९८८ मध्ये कारखाना कामगारांच्या सहकारी संस्थेच्या हाती मिळविला आणि पुढच्या वर्षी तो चालूही केला. भांडवली बाजाराच्या समुद्रात कामगारांचे एकटे बेट फार काळ तग धरू शकत नाही, हेही कमानीने पुढे दाखविले. पण मालकावाचून कारखाना चालतो आणि कामगारावाचून चालत नाही, ही गोष्ट त्याने कायमची सिद्ध केली.

सीमेन्सच्या २०१७ च्या घोषणेचे पुढे काय झाले, तेही सांगितले पाहिजे. पूर्व जर्मनीतील गोर्लिट्झचा टर्बाइन कारखाना बंद करण्याचे ठरले होते. कामगार रस्त्यावर आले, सारे शहर त्यांच्या मागे उभे राहिले, धातुकामगारांच्या संघटनेने वाटाघाटीच्या टेबलावर हिसका दाखविला. २०१८ मध्ये कंपनीला तो कारखाना चालू ठेवावा लागला. ज्याला अपरिहार्य म्हटले गेले होते, ते संघटित शक्तीपुढे अपरिहार्य राहिले नाही.

चळवळीपुढील कार्य

नंदिनीच्या खाणीचा जो भाग खणून संपला, तेथे राज्य सरकारने मानवनिर्मित जंगल उभारण्याचे काम हाती घेतले. झाडे लावावीत, त्याविषयी कोणाची तक्रार असण्याचे कारण नाही. पण खाणीच्या पडीक जमिनीचे पुनर्वसन करण्यासाठी योजना, निधी आणि समारंभ मिळतो. त्या खाणीत, त्या भट्टीपुढे, त्या यंत्रशाळेत आयुष्य झिजविलेल्या माणसाच्या पुनर्वसनासाठी नव्या संहितेत पंधरा दिवसांच्या वेतनाचा एक निधी तेवढा आहे. दगड काढलेल्या भूमीला दुसरे आयुष्य आणि घाम काढलेल्या माणसाला पंधरा दिवस!

एके काळी नागपूर ही ज्या प्रांताची राजधानी होती, त्याच प्रांतात दुर्ग जिल्हा होता. विदर्भातून भिलाईत गेलेल्या मराठी कामगारांच्या पुढच्या पिढ्या आज त्याच वसाहतींत राहतात. बुटीबोरीचा, हिंगण्याचा, पिंपरी-चिंचवडचा आणि कळव्याचा कामगार त्यांच्याहून वेगळ्या संकटात नाही. म्हणून भिलाईचा प्रश्न हा परप्रांताचा प्रश्न मानून चालणार नाही.

चळवळीने काही गोष्टींचा निर्धार केला पाहिजे. प्रत्येक यंत्रशाळेत कायम, कंत्राटी व मुदतबंद कामगारांची एकच संघटना आणि एकच मागणीपत्र असले पाहिजे. ज्या करारात कंत्राटी कामगार नाही, त्यावर लाल झेंड्याची सही होता कामा नये. कंत्राट संपले म्हणून काढलेल्या प्रत्येकाची गणना कपात म्हणून केली पाहिजे आणि तिचा जाब मूळ मालकाला विचारला पाहिजे. सार्वजनिक पैशातून होणाऱ्या प्रत्येक मोठ्या खरेदीत देशातील सार्वजनिक यंत्रकारखान्यांना अग्रक्रम आणि खाजगी पुरवठादाराला कामगार टिकविण्याची अट, ही मागणी संसदेपासून कारखान्याच्या फाटकापर्यंत पोहोचली पाहिजे. श्रमसंहिता रद्द करून घेण्याचा लढा संपाच्या एका दिवसावर थांबता कामा नये. शेतकऱ्यांनी २०२० व २०२१ मध्ये वर्षभर ठाण मांडून तीन कायदे मागे घ्यायला लावले, तो धडा कामगारवर्गाने आत्मसात करावयाचा आहे.

आणि शेवटची गोष्ट. मंदी पुन्हा येणार आहे. भांडवलशाही ती टाळू शकत नाही, कारण ती कामगाराच्या हातून अधिकाधिक माल काढून घेते आणि तो विकत घेण्याची ऐपत त्याच्याच खिशातून काढून घेते. पुढची मंदी येईल, तेव्हा मालकांची योजना तयार असेल. कामगारांची योजना तयार असेल काय, हा खरा प्रश्न आहे. तिचे उत्तर तेजीच्या दिवसांत, आजच, फाटकाच्या दोन्ही बाजूंना उभ्या असलेल्या कामगारांना एकत्र आणून द्यावयाचे आहे.